काळ्या खडकांमागची वाट

मी पोक्कर, आईचे नाव आयिशुम्मा, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कल्लाळीच्या नदीमुखातून जहाजे आत-बाहेर नेण्याचा, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही. हा शब्द पुढे पुन्हा येईल, म्हणून मोयदू मुल्लांनी तो ठळक लिहावा.

घर माझे नाही. आमच्यात घर बहिणीचे आणि वारस भाचा. माझी बहीण बिय्यात्तू हिचा मुलगा मायिन बाविसाव्या वर्षी गेला, तेव्हा वारसाचा प्रश्न मिटला. नदीमुखावरची झोपडी मी स्वतः बांधली. ती जाळी वाळवणाऱ्यांनी वापरावी. छप्पर दक्षिणेकडून गळते, मागाहून मला शिव्या देऊ नयेत.

पाण्याची खोली मोजायची माझी गाठींची दोरी भाची नफीसा हिला द्यावी. तिने ती पोहऱ्याला बांधावी. तिच्या टोकाचा शिशाचा गोळा समुद्रात टाकावा. त्या दोरीने यापुढे कुणी वाट मोजू नये.

शेजारी कुंजालन याला काही देत नाही. फिरंग्यांनी माझ्या मानेवर तलवार ठेवून, जबरदस्तीने खडकांमागची वाट काढून घेतली, ही गोष्ट तो मशिदीच्या पायऱ्यांवर तीस वर्षे सांगतो आहे. दरवेळी एक तलवार वाढवतो. त्या सगळ्या तलवारी त्याने परत घ्याव्यात, कारण तिथे एकही नव्हती.

खरे असे घडले. फिरंग्यांचे पहिले जहाज आले, शिडे उतरवली, पाणी मागितले. शिडे उतरवून पाणी मागेल तो पाहुणा. त्याला पाणी द्यायचे आणि नदीमुखातल्या वाळूवरून सुखरूप आत आणायचे, ही आमची रीत. मी तेवढे केले. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हा कागद चार ओळींचा झाला असता.

त्यांचा अरबी बोलणारा दुभाषी खडकांकडे बघून म्हणाला, "तिकडून काय मासाही जात नसेल."

"कोण म्हणतो?" मी म्हणालो. "मी मिरीने भरलेल्या नावा नेतो तिथून. डोळे मिटून!"

"राहू दे, म्हाताऱ्या खलाशांच्या बाता ऐकल्यात आम्ही."

मी तेव्हा चाळिशीचा होतो. मला ते झोंबले. त्यांच्या होडीत बसून मी त्यांना आडवाट दाखवली, प्रत्येक वळणावर दोरी सोडून खोली मोठ्याने सांगितली. एकजण कागदावर उतरवून घेत होता. त्यांनी माझी पाठ थोपटली, लाल टोपी दिली. ती वाट म्हणजे संकटात आमच्या नावा लपवायची एकुलती एक जागा होती.

दोन पावसाळे मी ही गोष्ट कुणाला बोललो नाही. लाज वाटली म्हणून आज उद्यावर ढकलत गेलो. मग फिरंगी तोफा घेऊन आले. आमच्या सात नावा नेहमीप्रमाणे खडकांमागे शिरल्या, मागोमाग तेही शिरले. मायिन तिसऱ्या नावेत होता. नावा पाण्याच्या पातळीपर्यंत जळाल्या. मी आधी तोंड उघडले असते तर तिथे कुणी लपायला गेलेच नसते.

त्यानंतर लोकांनी तलवारीची गोष्ट रचली आणि मी ती मोडली नाही. बिय्यात्तूने माझे ताट अंगणात ठेवायला सुरुवात केली. भात, मासळी, कधी वेळ चुकली नाही; शब्द मात्र एकही नाही.

मेल्यावर मला न्हाऊ घालायचे पाणी तापवाल, त्या चुलीत ती लाल टोपी जाळावी.

घरच्या कर्त्याचा जनाजा बहिणीच्या फाटकातून निघतो. माझाही तिथून निघावा, एवढीच इच्छा उरली आहे. पण मी तलवारीला भिऊन वाट दाखवली असे समजून तिने फाटक उघडू नये. हा कागद तिला आजच, माझ्या देखत, वाचून दाखवावा आणि मग विचारावे. नाही म्हणाली तर झोपडीतून न्यावे. तिची विनवणी करू नये.

साक्षीदार: अम्मोट्टी, नाखवा. सही.
साक्षीदार: परीद, सुतार. सही.

लेखक मोयदू मुल्ला याची नोंद: वरील मजकूर बिय्यात्तू उम्मांना अंगणात वाचून दाखवला. भाऊ समोर होता, तरी त्या माझ्याशीच बोलल्या.

"मुल्ला, मानेवर तलवार टेकलेला माणूस लाल टोपी घालून, गाणं म्हणत घरी येतो होय? त्या दिवशी दोनदा भात घेतला यानं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो स्वतःहून सांगेल, म्हणून वाट बघत होते."

फाटकाचे विचारले.

"फाटक उघडं राहील. तसं लिहा."

पोक्कर उठून घराच्या पायरीपर्यंत आले. बिय्यात्तू उम्मांनी हात आडवा धरला.

"ताट अंगणातच आहे."

बिय्यात्तू उम्मांचा अंगठा.
पोक्कर यांची सही.
कल्लाळी, कन्नी महिन्याची नऊ तारीख, कोल्लम वर्ष ७०७.