लुटलेल्या वाट्या

मंगरूळपीर,
४ डिसेंबर २०२४

प्रिय सायली,

अनेक आशीर्वाद. विनोदरावांचा गुडघा आता कसा आहे? इथे थंडी सुरू झाली आहे. यंदाची संत्री आंबट आहेत, पण मुरंबा छान झाला. बोर्डिंगमध्ये रविवारी पावावर मिळायचा ना, तसाच. तू माझ्याही वाटणीचा खायचीस आणि मदरसमोर डोळे मिटून प्रार्थनेत उभी राहायचीस. तेव्हा मी तुला कधी पकडून दिलं नाही.

फोन करणार होते, पण आवाजाने दगा दिला असता.

या आठवड्यात माझे वकील उदयसिंग तुला फोन करतील. त्याआधी हे पत्र पोचायला हवं. गेल्या महिन्यात मी सरकारी दवाखान्यात जाऊन आले, हे तुला सांगितलं होतं. रक्तदाबासाठी गेले होते, हे मात्र खोटं. मला कोर्टाने पाठवलं होतं, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. मी जे केलं ते शुद्धीत केलं की नाही, हे त्यांनी लिहून द्यायचं आहे.

गेल्या संक्रांतीनंतर रामकिसनच्या भांड्यांच्या दुकानात मी स्टीलच्या वाट्या पर्समध्ये टाकल्या. पहिल्यांदा नाही, सायली. त्या दिवशी कॅमेऱ्यात दिसले, एवढंच. तो बिचारा ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "मॅडम, मांगतल्या असत्या त तशाच देल्या असत्या. अशा कायले नेल्या?" त्याच्या मुलाने मात्र पोलिसांना बोलावलं. बाहेर माणसं जमली. त्यातल्या काहींना मी इंग्रजी शिकवलेलं होतं.

डॉक्टर कानपूरकडचे आहेत. मराठी बेताचं. त्यांनी विचारलं, "वाट्यांचं काय केलं?" माझ्या तोंडून निघालं, "लुटल्या." ते दचकले. "लूट? जबरदस्ती?" कोपऱ्यात बसलेल्या नर्स गिरजाबाई फस्सकन हसल्या. "अवो साहेब, लुटनं म्हंजे वाटनं! संक्रांतीचं वान लुटतेत ना बाया! मॅडमनं लोकायले वाटल्या त्या. एवढी शिकलेली बाई सोतासाठी कायले चोरन?"

डॉक्टरांचा चेहरा निवळला. त्यांनी बरंच लिहून घेतलं. मी गप्प बसले.

बाहेर वकील खूश. "मॅडम, झालं आपलं काम! सोताच्या घरी त वाटल्या म्हनता येत नाही, मारोतराव गेल्यावर तुमाले कुठचं हळदीकुंकू. पन वाशीमले बहिनीच्या घरी वाटल्या, हे जमते. त्यायनं चार वाट्या आनून दाखवल्या का बस. लोभ नाही, दुखानं मन ठिकान्यावर नव्हतं. तुमी फक्त मान हालवा."

मी हलवली मान. त्याची लाज वाटते. पण चोरीपेक्षा आणि मान हलवण्यापेक्षाही जास्त लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगायची.

एकही वाटी मी कोणाला दिली नाही. सगळ्या कपाटात आहेत, चिकटवलेल्या किमतीसकट.

तुझे भाऊजी होते तेव्हा मी हळदीकुंकवाला किती नाकं मुरडायचे, तुला आठवतं. कॉन्व्हेंटची मुलगी! लग्नात बायका नाव घ्या म्हणाल्या, तर मी रुमालात हसले होते. तेव्हा हेच त्यांना म्हणाले होते, "राहू द्या, पुढे कधीतरी घेईल." मग ते गेले आणि बोलावणी थांबली. शेजारच्या रूपालीकडून बायकांचे आवाज यायचे आणि मी टीव्ही मोठा करायचे.

म्हणून दार लावून मी एकटीच हळदीकुंकू करायचे. पाटावर वाटी ठेवायची. "या, सुचिताबाई, बसा" म्हणायचं आणि मीच जाऊन बसायचं. मीच वाण द्यायचं, मीच पदरात घ्यायचं. आणि मग त्यांचं नाव घ्यायचं. मोठ्याने. घरात असलेल्या वाटीने ते होत नव्हतं. वाण दुसऱ्याकडून आलेलं लागतं ना. विकत घेतलेलंही नको वाटायचं, तेही माझंच झालं असतं.

डॉक्टरांना मी खोटं सांगितलं नव्हतं. लुटल्याच होत्या. पण चोर म्हटलेलं सोसवेल, हे कोणी पाहिलेलं सोसवणार नाही, म्हणून मी गप्प बसले.

आता सोसायचं ठरवलं आहे. येत्या बुधवारी त्यांनी पुन्हा बोलावलंय. गिरजाबाईंसमोर सगळं सांगणार आहे. मग त्यांनी मला आजारी लिहावं की चोर, ते त्यांचं काम.

तू वाट्या नेऊ नकोस. वकिलांना हो म्हणू नकोस. तुझ्याकडे दर वर्षी केवढं हळदीकुंकू होतं, फोटो पाहते मी. तुझ्या सासरची रीत मला कळते. रागावले असते तर हे लिहिलं नसतं. पण कोर्टात विचारलं, तर एवढंच सांग: ताई आमच्याकडे नव्हती. आम्ही तिला बोलावलं नव्हतं.

हे वाचूनही तू ताईच म्हणशील, या आशेवर,

तुझी
सुचिता