उद्घाटनाअभावी बंद

कनेरगाव नाका, ६ नोव्हेंबर २०२२

आदरणीय पद्माआत्यास,
करुणाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. आमच्या पतसंस्थेत बायकांचे स्वच्छतागृह सुरू झाले, असे मी मागे लिहिले होते. ते बांधून झाले आहे, सुरू झालेले नाही. करोनानंतर सगळे ऑफिस नव्याने मांडले, त्यातच तेही बांधले. पण चेअरमनसाहेबांनी फीत कापल्याशिवाय दार उघडायचे नाही, असे मॅनेजर रतनसिंग सर म्हणतात, आणि साहेबांची तारीख मिळत नाही. फीत धुळीने मळली, ती मात्र सरांनी बदलून घेतली.

शेजारच्या टेबलावरच्या शिलाताईंना सातवा महिना आहे. त्या ट्रक चुकवत रस्त्यापलीकडच्या धाब्यावर जातात. काल पडता पडता वाचल्या. सरांकडे किल्ली मागायचा धीर मात्र मला होत नाही.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.
आपली करुणा

डोंगरकडा, १२ नोव्हेंबर

चि. करुणास,
आत्याचा लई आशीर्वाद.

पोरी, तुला बाराखडी मी शिकवली. हे भ्यायचं कोणी शिकवलं? फीत कापायला पाहुणाच पाहिजे न? मंग मी येते. बसनं तिथं येईस्तोवर मला बराबर तकलीफ व्हतेच. इतका गरजू पाहुणा तुमच्या सरांना हुडकून सापडायचा न्हाई. हार नको, भाषण नको. एकवीस तारखेच्या सोमवारी दुपारच्या आत पोचते.

आमचे हे, तुझे मामा, हसून राहिले. म्हणलं, ज्याला झाड भेटतं त्यानं हसू नये.

जीवाला जप, माया असू दे.
तुझी आत्या

कनेरगाव नाका, १६ नोव्हेंबर

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुमचा निरोप सरांना दिला. नव्या मांडणीत ते काचेआड बसतात, त्यामुळे पेन मागायचा तरी ओरडावे लागते. पाहुण्या कोणत्या पदावर आहेत, असे त्यांनी आतून ओरडून विचारले. खोटे बोलवेना. आत्या आहेत, असे मीही ओरडले. रांगेतले एक आजोबा म्हणाले, त्याहून मोठं पद कोणतं असतं बाप्पा? हॉल हसला. सर बघू म्हणाले. किल्ली त्यांच्याच खिशात राहिली, कारण नेमके कशासाठी हवी हे माझ्या तोंडून निघालेच नाही. एवढ्या पुरुषांसमोर तो शब्द कोणीच ओरडत नाही, म्हणून तर दार आजवर बंद आहे.

शिलाताई सोमवारी रजेवरून येतील. तुम्ही जरूर या, पण तोवर मी थांबणार नाही. घरी आरशासमोर सराव चालू आहे. बायकांना स्वच्छतागृहात जायचे आहे, किल्ली द्या, एवढेच वाक्य आहे. ते मी हॉल भरलेला असताना काचेसमोर उभी राहून म्हणणार.

आशीर्वाद असावा, या खेपेला जरा जास्त. सोमवार, २१ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता.

आपली करुणा