अवॉइडन्स मला आधीपासूनच येत होता

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. डोक्यात फार गर्दी झाली आहे. गेल्या मंगळवारची हकीकत एकदाची लिहून मोकळा होतो. भरदुपारी बाजाराजवळच्या भुयारी रस्त्यातून आम्ही दोघं चाललो होतो. एकाने हिच्या पर्सला हिसका दिला. ही पडली, उजवं मनगट मोडलं. मी मदत आणायला वर धावलो. मदत मिळायला वेळ लागला, इतकंच. औषधाच्या दुकानात आधी दम खाल्ला.
हिने डॉक्टरांना पाय घसरला म्हणून सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. आजारी माणसाला उगाच त्रास नको.

५ मार्च
माझा धंदाच नजरेचा. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतोय. गिऱ्हाइकाला नाकासमोर बघायला सांगायचं, बाजूने बोट आणायचं, विचारायचं, दिसतंय का? त्यामुळे भुयारातला तो पर्सवाला चोर मला आधीच दिसला होता. भिंतीला टेकलेला, हात खिशात. मी तात्काळ पलीकडच्या बाजूला सरकलो. हिला सांगायला वेळ नव्हता. वीस-पंचवीस पावलं होती फक्त.

९ मार्च, रविवार
सेल्फ डिफेन्सच्या क्लासला नाव घातलं. शिकवायला पीटीच्या रिटायर्ड बाई. वाटलं, ठोसे शिकवतील. त्या म्हणाल्या, हाणामारी सगळ्यात शेवटी. आधी अवेअरनेस, धोका लांबून ओळखा. मग अवॉइडन्स, त्याच्या वाटेलाच जाऊ नका. पळण्यात कमीपणा नाही. मी टाळ्याच वाजवणार होतो. म्हणजे मी सगळं बरोबर केलं होतं! तेही विनाट्रेनिंग!
घरी येऊन हिला नीट समजावलं. ती डाव्या हाताने भांडी विसळत होती. म्हणाली, बरं.

१२ मार्च
दुकानात एका बाईने नवऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारली आणि माझ्या हातातून लेन्सची पेटी पडली. भुयारात हिने अशीच हाक मारली होती. मी धावत पायऱ्या चढत होतो, त्यामुळे नीट ऐकू आली नाही. तीनदा मारली.
मालक म्हणाले, दोन आठवडे घरी बसा. बसतो. कामाचा ताण आहेच.

१६ मार्च, रविवार
दुसरा क्लास. बाई म्हणाल्या, बाजूला व्हायचं ते सोबतच्या माणसाचा हात धरून. त्याला मागे टाकून गेलात तर त्याला अवॉइडन्स म्हणत नाहीत. कुणीतरी विचारलं, मग काय म्हणतात? बाईंनी उत्तर दिलं. नेमकी माझ्या पेनची शाई संपली, लिहून घ्यायचं राहिलं.

१९ मार्च
हल्ली बाहेर पडलो की ही माझ्या मागे दोन पावलं चालते. मी थांबलो की थांबते. मी म्हटलं, शेजारी चल, माझं सगळीकडे लक्ष असतं. म्हणाली, तुम्ही तुमचं बघा. रागाने नाही. रागावली असती तर मला जेवण तरी गेलं असतं.
संकल्प: उद्यापासून हात धरून चालायचं. पण कुठला? उजवा प्लास्टरमध्ये, डाव्यात पिशवी. प्लास्टर निघेपर्यंत पुढे ढकललं.

२१ मार्च, सकाळी साडेदहा
ठरलं. आज हिला खरं सांगणार. मी मदत आणायला गेलो नव्हतो. मी पळालो. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज फुटला. जेवणं झाली की सांगतो.

दुपारी तीन
जेवणं झाली. पाणी प्यायलो. ऐक, असं म्हणालोसुद्धा. तेवढ्यात दारावर धडाधड थापा, बाहेर पुरुषाचा चढा आवाज. मी अवेअर होतोच. भानावर आलो तेव्हा बाथरूममध्ये होतो आणि आतून कडी लावलेली होती.
दार हिनेच उघडलं, एका हाताने. प्लंबर होता. खालच्यांच्या छतातून पाणी गळत होतं म्हणून ओरडत आला होता. हिने त्याला शांतपणे समजावून परत पाठवलं.
मग बाथरूमच्या दारावर बोटाने हळूच टकटक. घाबरलेल्या लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात ती म्हणाली, गेला तो. या बाहेर. कोणी नाहीये.
सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
कडी काढायला मला बराच वेळ लागला. तोवर ती दाराशीच उभी होती.