चादरीच्या दोन टोकांना दोन लोकशाह्या

चिरंजीव मास्तर यांस ताईचे पोटभर आशीर्वाद. (कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालास, तरी मला तू शेंबडाच.) गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोचा खोकला गेला का? तिने पत्राखाली दोन ओळीही लिहिल्या नाहीत, म्हणजे अजून रुसलेली दिसते. मी मात्र ठणठणीत आहे, आणि खरं सांगू का, इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

कारण माझे दोघे लेक एकमेकांशी बोलायला लागले! म्हणजे भांडायला. पण चार वर्षं एकमेकांच्या सावलीला उभे न राहिलेल्यांनी भांडावं, हेही नसे थोडके. हे गेल्यावर लाँड्री माझ्या नावावर आली आणि दोघांनी अबोला धरला, तुला ठाऊकच आहे. दोन महिन्यांपूर्वी मी सहज म्हटलं, आता माझ्याने होत नाही, लाँड्रीचं काय ते ठरवा. त्याच रविवारी थोरला कागद घेऊन हजर. त्याचा म्हणे लोकशाही समाजवाद. म्हणजे लाँड्री इस्त्रीवाल्या सहा बायकांच्याच मालकीची करायची, वर मालक म्हणून कुणी नको, जे ठरेल ते हात वर करून. अर्ध्या तासात धाकटाही कागद घेऊन हजर. (त्याला कुणी कळवलं? मला थोरल्या सुनेचा संशय आहे. ती फोन घेऊन मोरीत गेली होती.) त्याची सामाजिक लोकशाही. मालक राहू दे, पण कायद्याने त्याला वेसण घालायची. पगार नीट, सुट्ट्या, आजारपणाची सोय, आणि नफ्यावर कर घेऊन सगळ्यांच्या शाळा-दवाखान्यांना लावायचा. थोरला म्हणाला, वेसण घातली तरी बैल तो बैलच. धाकटा म्हणाला, बैलच घालवलास तर नांगर कोण ओढणार, तुझे ते वर केलेले हात? नात माझ्या कानात म्हणाली, आजी, नुसते शब्दच इकडचे तिकडे केलेत गं. मला काही तसं वाटलं नाही, पण दोघांचा डोळा माझ्या सहीवर होता एवढं नक्की. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही.

आता दवाखान्याच्या साठ चादरी रविवारी धुऊन निघतात आणि सोमवारी उजाडताच द्याव्या लागतात. तर एका बाबतीत दोघंही तावातावाने एकमताचे निघाले, की रविवारी बायकांना राबवणं हा अन्याय. झाली बायकांना सुट्टी! मग घड्या कोण घालणार? (याचं उत्तर तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.) मी थोरल्याच्या हातात दोन टोकं दिली, धाकट्याच्या हातात दोन. मास्तर, मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, आणि घालताना समोरच्याकडे चालत जावंच लागतं. भांडत भांडत जवळ येतात, टोकाला टोक लावतात, भांडत भांडत मागे जातात. वाद पेटला की चादर अशी ताणून धरतात, की घडी बघून दवाखान्याने शाबासकी धाडली.

पण गेल्या रविवारी पाल चुकचुकली. थोरला म्हणाला, एका दमात सगळं होणार नाही, आधी वेसणही चालेल. धाकटा म्हणाला, जन्मभर मालकाच्याच हाती ठेवा असं मी तरी कुठे म्हणतोय? आवाज खाली आले, चादर मधोमध झोळीसारखी लोंबली, बावीस चादरी तशाच राहिल्या, आणि दोघं चहा न घेता, एकमेकांकडे न बघता आपापल्या घरी. आता बोलायला काही उरलंच नाही ना! माझा संशय असा, की यांचा फरक आहे तो शेवटी कुठे पोचायचं याचा. वाटेत बराच वेळ दोघं बरोबरच चालतात. आणि हे त्यांच्या लक्षात आलं की माझे रविवार संपले.

त्यात तुझं पत्र, की येत्या रविवारी येऊन दोघांना फरक एकदाचा समजावतो आणि वाद मिटवतो. तुला कुणी लिहिलं? धाकट्या सुनेचंच काम असणार, हल्ली ती मला बघून फार गोड हसते. ये बाबा, घर तुझंच आहे.

तुझी वाट बघणारी
ताई

ता. क. : येऊ नकोस. गुडघ्याला प्रवास बाधेल.

ता. क. दुसरा : आलासच तर समजावू नकोस. त्यापेक्षा दर आठवड्याला पोस्टाने एक न सुटणारा मुद्दा पाठव. साठ चादरींना पुरला पाहिजे.

ता. क. तिसरा : इस्त्रीवाल्या बायकांमधल्या थोरलीला मी विचारलं, तुम्हाला यातलं काय हवं गं? म्हणाली, "आई, इतक्या दिवसांत हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. मालकी कुणाला नको? पण लाँड्री आमची झाली की रविवारी चादरींना आम्हालाच यावं लागेल ना? मग घाई करू नका."

ता. क. शेवटचा : चष्मा इस्त्रीच्या टेबलाच्या खणात आहे, त्याखाली दोन्ही कागद. दोन्हींवर मी सही करून ठेवली आहे. मी गेल्यावरही या दोघांचे रविवार चालू राहिले पाहिजेत. तोवर चष्मा हरवलेलाच आहे, लक्षात ठेव.