आमची वाट कोणाला कळते?

१ मार्च, शनिवार

परत लुटलं! सलग तिसरा शनिवार. बर्फाच्या खाणीतून पाणी भरून निघालो, कोरड्या ग्रहावर तिप्पट भावाने विकायचं होतं. दुसऱ्या स्थानकाबाहेर लुटारू हजर — जसं काही आमंत्रण दिलं होतं! माझ्या जहाजातला सगळा माल गेला, दादाच्याही. ऑनलाइन खेळातलं असलं म्हणून काय झालं, जीव जळतोच.

वाट दर वेळी मी बदलते. गुरुवारी ठरवते आणि फक्त दादाला सांगते. म्हणजे माहीत असणारी माणसं दोन.

हे लिहितानासुद्धा कसंतरी झालं.

५ मार्च, बुधवार

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासल्या. दातांचा साचा बघून माणूस झोपेत दात खातो की नाही, ते मी सांगते. सख्ख्या भावाच्या मनातलं मात्र कळेना!

मागे एकदा त्याने विचारलं होतं, "वाटेतलं इंधन तू दोन दिवस आधीच का घेऊन ठेवतेस गं?" त्याला काय करायचंय? आयत्या वेळी मिळालं नाही तर? इतक्या चौकशा कशाला!

आई गेल्यापासून आम्ही बोलतो ते फक्त शनिवारी, खेळता खेळता. तेही गेलं तर काय उरलं? म्हणून अजून गप्प आहे.

६ मार्च, गुरुवार

दादाला खोटी वाट सांगितली. इंधन खऱ्या वाटेवर घेतलं. आता कळेल.

८ मार्च, शनिवार

ऐन निघताना दादाला खरी वाट सांगितली. दादा म्हणाला, "बरं, तू म्हणशील तसं." आणि लुटारू खऱ्या वाटेवरच! म्हणजे माझी थाप त्याने गुरुवारीच ओळखली आणि खरी वाटही ताडली. लहानपणापासून ओळखतो. काय डोकं आहे!

तोंडावर बोलले. तो म्हणाला, "अगं, माझाही माल गेलाच ना?" मी म्हटलं, "लुटीत वाटा मिळत असेल."

बोलायला नको होतं. तो खेळातून निघून गेला.

१३ मार्च, गुरुवार

वाट ठरवली, इंधन घेतलं. सांगायला कोणी नाही.

१५ मार्च, शनिवार

दादा आला नाही. एकटीच निघणार होते. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पडद्यावरचे भाव वाचत म्हणाला, "या तीनच ठिकाणी इंधन एवढं महाग का गं? बाकी सगळीकडे तर स्वस्त आहे."

मी नीट बघितलं. माझ्याच वाटेवरची तीन आडबाजूची स्थानकं, साठा आधीच बेताचा. दोन दिवस आधी मी तो उचलते आणि भाव चढतो. भावाचा फलक सगळ्या खेळाडूंना दिसतो. लुटारूंना कोणी काही सांगायची गरजच नव्हती! दर गुरुवारी मीच त्यांना वाट आखून देत होते.

दादा तेच तर विचारत होता.

१६ मार्च, रविवार

दादाला फोन केला. म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "इंधन ना?"

जहाज त्याने मंगळवारीच विकून टाकलंय. "मग आता शनिवारी काय करायचं?" मी विचारलं.

"फोन कर की," म्हणाला. "हा काय, लागतो."