आबांचा काढा

पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
१२ जानेवारी २०२५

चिरंजीव आरतीबाळ,

तुला आणि जावईबापूंना माझे आणि तुझ्या काकांचे भरभरून आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना, धोंडाबाईंना नमस्कार सांग. आमचं बरं चाललंय. कांद्याची खुरपणी उरकली. वरच्या उसात बिबट्या दिसल्यापासून संध्याकाळी अंगणात कोणी टेकत नाही, दिवेलागणीलाच दारं बंद. काकांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ऐकत नाहीत, पाणी धरायला जातातच.

मावशीनं फोन सोडून कागद का घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं बोलायचं राहूनच जातं. मग मी भाजी काय केलीस विचारते आणि फोन ठेवते. परवाही तेच झालं. शेजारचा संपत उद्या तुमच्याकडे मोशीच्या बाजारात भाजी घेऊन येणार आहे, त्याच्याबरोबर हे पाठवते. सोबत तिळाचे लाडू आहेत.

तू काढा मागितलास. "मावशी, आबांचा काढा करून पाठव. पोटात बाळ आहे म्हणून मी दम्याचा पंप बंद केलाय. आबांच्या काढ्यानंच तर लहानपणी माझा दमा गेला होता." तुझं हे बोलणं ऐकलं आणि मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. अडुळसा चांगला पुरुषभर वाढलाय. पांढरी फुलं आलीत. आबा गेल्यापासून त्याची छाटणी कोणी मनावर घेत नाही.

तुला आठवतं ना, सकाळी चुलीवर पितळेचं पातेलं, त्यात अडुळशाची पानं, आलं, ज्येष्ठमध, चार मिरे? घरभर कडवट वास सुटायचा. तू गोधडीतूनच ओरडायचीस, "मी न्हाई पिनार!" आबा वाटी फुंकत यायचे, नातीपुढं उकिडवे बसायचे. "पी गं माजी बाय. माज्या मेंढरांनी सुदिक पाला खाताना येवडं वाकडं त्वांड न्हाई केलं." तू हसलीस की वाटी ओठाला लावायचे. मग मधाचं बोट.

पण त्याच्या आधी काय व्हायचं, ते तुला आठवत नाही. आधी पंप. तो लांबट प्लास्टिकचा डबा तुझ्या तोंडाला लावून आबा स्वतः छाती फुगवून दाखवायचे, असा वढ, असा. मग चूळ. पंप झाल्याशिवाय त्यांनी काढ्याची वाटी एकदाही पुढे केली नाही. मी कधी घाईत विसरले तर माझ्यावर केवढे तापायचे! पंपाला चव नाही, वास नाही, त्याची आठवण कशी राहणार? काढा आबांच्या हातचा होता, म्हणून तो तेवढा मनात राहिला.

आणखी एक. आबांनी मेंढरं का दिली, हे तू लहानपणी खूपदा विचारायचीस. आम्ही सांगायचो, म्हातारपणी चालवत नाही. ते खरं नव्हतं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जाणारा माणूस तो, चांगला धट्टाकट्टा होता. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला लोकर सोसत नाही, कातरणीच्या दिवसांत तिचा दम वाढतो. आबांनी सगळा कळप भावकीतल्या चिमाजीकाकांच्या हवाली केला. घोंगडीशिवाय जन्मात न निजलेला माणूस, त्यांनी घोंगडीही गोठ्यात टांगली आणि सुती चादर घेऊन कुडकुडत निजले. मेंढरं गेली त्या दिवशी ते वाटेकडे पाठ करून बसले होते. मी म्हटलं, आबा, चहा घ्या. म्हणाले, "घुंगराचा आवाज लांब जाऊ दे, मंग घेतो."

एवढं त्यांनी का केलं, ते आता सांगते. तुझी आई निमोनियानं गेली असं तुला ठाऊक आहे. तसं नव्हतं, बाळा.

आशाताईला दमा होता. लग्नानंतर अवसरीला डॉक्टरांचं औषध चालू होतं, पंपही होता, आणि ती चांगली होती. तू चार वर्षांची असताना तिला पुन्हा दिवस गेले. बायका म्हणाल्या, पोटुशीनं असली औषधं घेऊ नयेत, बाळाला बाधतात. तिनं पंप टाकला आणि माहेरी आली. तुझे वडील ट्रकवर लांब गेलेले. आबांनी काढा सुरू केला. गावात कोणाला खोकला झाला की लोक आबांकडेच यायचे, त्यांना आपल्या पाल्याचा मोठा अभिमान. आशाताईचा खोकला कमीही झाला. तीच म्हणायची, "बगा आबा, पंपाबिगर कशी झ्याक हाय मी."

पंधरवडाभर असंच गेलं. मग एका सकाळी अंगणात कातरणी चालली होती. ती माणसांना पाणी द्यायला गेली आणि तिथंच खाली बसली. बोलता येईना. ओठ निळे पडत चालले. जीप मिळाली, पण आळेफाटा येईपर्यंत ती गेली. पोटातलंही गेलं. तू तेव्हा दारात कोकराला धरून उभी होतीस.

काढ्यानं ती गेली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. काढा आहे, मग पंप कशाला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं, त्यानं गेली. आबांनी त्याच दिवशी कुंपणाचा अडुळसा कुदळीनं मुळासकट खणून काढला.

तुझ्या वडिलांच्या संमतीनं तू इकडे आलीस आणि सहाव्या वर्षी तुझी छाती वाजायला लागली, तेव्हा आबांनी पाल्याला हात लावला नाही. तुला खांद्यावर घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांसमोर हात जोडले. "डाक्टर, म्या एक लेक घालवली. आता तुमी म्हनाल तसं." बरेच महिने तुझा पंप चालला. तू मोकळी खेळायला लागलीस, तेव्हा त्यांनी भीत भीत विचारलं, सोबत काढा दिला तर चालंल का? डॉक्टर म्हणाले, "घशाला बरं वाटत असेल तर थोडा द्या, पण मला दाखवून, आणि पंपाच्या जागी नाही." त्यानंतर आबांनी अडुळसा परत लावला. तू ज्याच्यासोबत वाढलीस, तो हा.

तुला दम्याची धास्ती बसू नये म्हणून आबांनी आम्हाला शपथ घातली होती. आज ती मी मोडते. ते असते तर त्यांनीच मोडली असती.

काल मी आळेफाट्याला जाऊन डॉक्टरांना विचारून आले. अडुळसा गरोदर बाईला द्यायचाच नाही म्हणाले. आणि पंप मनानं बंद करायचा नाही. आईला दम लागला तर बाळालाही हवा कमी पडते. म्हणून काढा पाठवत नाही. माझ्यावर रुसलीस तरी चालेल. हे वाचलंस की उठ आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा. आजच.

वाट बघणारी,
मावशी


पिंपरी पेंढार
३ ऑगस्ट २०२५

आरतीबाळ,

तुम्ही मायलेकी सुखरूप पोचलात, जीव भांड्यात पडला. पण घर खायला उठतंय गं. पाळण्याची दोरी सोडायला काकांनी मला मनाई केली आहे. स्वतः मात्र रिकामा पाळणा हलवून बघतात.

माझं पत्र पोचल्यावर तुझा फोन आला, त्यात तू नुसती रडलीस. मीही. दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी सांगितलं की पंप परत चालू झाला. सातव्या महिन्यात तुला दम लागला, पण तू वेळेत दवाखान्यात गेलीस आणि दोन दिवसांत हसत घरी आलीस. आणि धोंडाबाई! बाळंतपणाला आल्या तेव्हा सकाळी अंगणातून त्यांचीच हाक, "सूनबाई, पंप घेतला का?" पंप बंद करायला तुला त्यांनीच सांगितलं होतं, तरी त्यांचा मला आता रागही येत नाही. त्यांनाही बाळच हवं होतं.

जाताना तू विचारलंस, आई कशी होती? गाडी सुटायच्या घाईत काय सांगणार? इतकी वर्षं तिचं नाव काढलं की आबा ताटावरून उठायचे, म्हणून आम्ही तिचं हसणंसुद्धा बोलून दाखवलं नाही. आता बोलायचं ठरवलंय.

मेंढरांमागं आम्ही दोघी डोंगर चढायचो. निम्म्यात तिला दम लागायचा. कमरेवर हात ठेवून ती मोठ्या ऐटीत खडकावर बसायची आणि मला सांगायची, "निर्मले, थांब जरा. मी न्हाई दमले, मेंढरं दमलीत." मेंढरं पुढं लांब गेलेली असायची. मी हसत सुटायचे, मग तीही हसायची, आणि हसता हसता तिचा श्वास मोकळा व्हायचा. तिथून खाली सगळं माळशेजापर्यंत दिसायचं. ती मला एकेक गाव बोटानं दाखवायची, निम्म्यांची नावं चुकीची.

अजून पुष्कळ आहे. तू आलीस की सांगेन.

आशाची धाकटी बहीण,
निर्मला