झोपाळ्या परत आला होता

आई,

बंब मोडीत घातला. तांब्याचा होता, तुझ्या लग्नातला होता, सगळं ठाऊक आहे मला. पण घरात आता मी एकटीच आणि मला गिझरचं पाणी पुरतं. रागावू नकोस. लिहायला बसले ती बंबासाठी नाही. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले होते, दोनच शब्दांचं, आणि ते खरं मानूनच तू गेलीस. तुझ्यासमोर माझ्या तोंडात कधी तीळ भिजला नाही. एवढी एकच गोष्ट मात्र पोटात राहिली आणि अजून तिथंच आहे.

स्टेशनवरून स्टँडकडे जाणारा रस्ता आपल्या दारावरून जातो, आणि मामा पलटणीत होता तेव्हापासून तुला ती खोड. सुट्टीवर आलेला कुणी फौजी काळी ट्रंक खांद्यावर घेऊन दारावरून निघाला की तू हातातलं टाकून बाहेर. "पावणं, किती दिस झालं गाडीत? तीन? आणि असंच आईम्होरं जाणार व्हय? ती पोटाशी धरंल तुमास्नी, डिझेलचा वास यायचा तिला. या की, पाणी तापलंय." दवाखान्यातली आयाची नोकरी करून आलेली तू, पाय सुजलेले, तरी बंबात लाकडं सारत बसायचीस. मोरीला पडदा होता, दगडावर साबणाची वडी असायची आणि बाहेर आला की चहा. मी चिडवायची तुला, की बाई, पाटी लाव आता दारावर. तू म्हणायचीस, "तू लाव, तुझंच अक्षर चांगलं हाय." नियम तुझा एकच होता. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं नाही. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते तुला शिकवायला नको होतं. बाहेरच्या खोलीत, आल्या-आल्या दिसतील असे, बुद्धाचा आणि त्याच्या शेजारचा निळ्या कोटातला फोटो लावलेले होतेच. ज्याला बघायचं तो बघेल, एवढंच तुझं म्हणणं.

झोपाळ्या पहिल्यांदा आला तेव्हा नवा भरती झालेला होता, ओठांवर मिशी नीट फुटलेली नव्हती. सगळा बंब संपवला त्यानं, मग चहा पिता पिता भिंतीला डोकं टेकून जो झोपला, की शाहूवाडीची गाडी गेली आणि पुढचीही गेली. तू त्याला उठवेनास. "झोपू दे. तिथं कोण झोपू देतंय त्याला," म्हणालीस. नाव विचारायचं नाही म्हणून तूच त्याला झोपाळ्या म्हणायला लागलीस. पुढं दर सुट्टीला तो यायचा, तुला मावशी म्हणायचा. मला तो फारसा भेटला नाही, कारण मी तेव्हा वकिलाच्या ऑफिसात टायपिंगला. कारगिलच्या वर्षी वर जायच्या आधी तो येऊन गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, परत येताना पाणी तापवून ठेवा." हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मीच ते ऐकलं असं वाटतं.

त्याच पावसाळ्यात दुसरा एक फौजी आला. आंघोळ झाली, डोकं पुसत पुसत खोलीत आला, हातात कप घेतला आणि भिंतीकडे बघितलं. मी समोरच होते. कप खिडकीत ठेवला त्यानं, तसाच भरलेला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. तू कप विसळलास. "त्याची गाडी असंल गं." माझ्या मस्तकात तिडीक गेली. अंगावर आपलं पाणी चाललं, पोटात नाही चाललं! तुझा मला त्याच्याहून जास्त राग आला, कारण तू चिडत नव्हतीस. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, यापुढं जो येईल त्याला दारातच सांगायचं आणि दारातच विचारायचं.

गणपती होऊन गेले होते. रविवार होता, तू ड्यूटीवर. बंब तू पेटवूनच गेली होतीस, रोज पेटवायचीस तेव्हा. दारात ट्रंक टेकवल्याचा आवाज आला. मी चौकटीत उभी. समोर एक दाढी वाढलेला माणूस, नाकाची कातडी सोललेली, एक पाय जरा ओढत होता. मी ओळखलं नाही त्याला. खरंच नाही ओळखलं, आई, एवढं तरी मान.

"आधीच सांगते, आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले. "पाणी चालत असेल तर या. तुमचं आडनाव काय?"

त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "मावशी न्हाईत?"

"ड्यूटीवर आहे. आडनाव विचारलं मी."

तो खाली वाकला, ट्रंक परत खांद्यावर घेतली. "हितं कुणी इचारत न्हवतं, ताई," तो म्हणाला. "म्हणून येत हुतो." चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, "मावशीला सांगा, आलतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तो मावशी म्हणाला तेव्हाच कळायला हवं होतं, पण हा झोपाळ्या, हे कळलं ते तो कोपऱ्यावर पोचल्यावर. स्टँड पाच मिनिटांवर. पाय ओढत जाणाऱ्या माणसाला मी सहज गाठलं असतं. मी चौकट धरून उभी राहिले. काय म्हणणार होते त्याला? मागं मोरीत पाणी उकळत होतं, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. दुपारी तू आलीस, चपला काढायच्या आधी विचारलंस, "कोण आलतं का गं?" मी म्हणाले, "कोणी नाही."

मग तू पेपर बघायला लागलीस. खिडकीशी उभी राहून शहीद झालेल्यांचे फोटो डोळ्यांजवळ धरायचीस. टोपी आणि मिशी, सगळे सारखेच दिसतात त्या फोटोंत. "ह्यो असंल का गं?" मी म्हणायची, नाही गं. एवढं ठामपणे कसं म्हणतेस, असं तू एकदाही विचारलं नाहीस. रोज वाटायचं आज सांगू. पण तो जिवंत आहे असं सांगितलं की मग तो येत का नाही हेही सांगावं लागणार, आणि तू माझ्याकडे कशी बघशील ते मला बघायचं नव्हतं. दिवाळी गेली. एके सकाळी तू मेणबत्ती लावलीस, पांढरं लुगडं नेसलीस आणि मला म्हणालीस, "बस माझ्याजवळ. गेला त्यो. त्याच्यासाठी आपुन तरी वंदना म्हणूया." तू त्रिशरण म्हटलंस, पंचशील म्हटलंस. मी तुझ्या शेजारी हात जोडून बसले, आई, आणि जिवंत माणसासाठी सगळं म्हटलं, एक शब्द न गाळता. त्यानंतर तू फौजींसाठी बंब पेटवला नाहीस. "नगं आता, जीव लागतोय," एवढंच. ट्रंका दारावरून जात राहिल्या आणि तू आत बसून राहायचीस. अजून मला दारात ट्रंक टेकवल्यासारखा आवाज येतो. उठून बघते. कोणी नसतं.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या वर्षी तो आला. साध्या कपड्यात, पेन्शनीत निघालेला, पाय अजून ओढत, हातात पिशवी. "मावशी हाईत का?" मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. त्यानं फोटोला हात जोडले. मग मलाच म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी रागानं गेलो. चुकलंच माझं. पाय ओढवंना, डोकं ठिकाणावर न्हवतं." त्यानं माझी माफी मागितली, आई! मग विचारलं, "मावशीला निरोप दिला हुतासा न्हवं? मी आलतो त्यो?"

मी म्हणाले, "त्याच दिवशी दिला. लई खूश झाली. सगळ्यांना सांगत सुटली, झोपाळ्या परत आला म्हणून."

तो हसला आणि रडलाही. चहा घेतला. आडनाव मी विचारलं नाही, आजही मला ते माहीत नाही. पिशवीत त्याच्या शेतातला नवा तांदूळ होता, तुझ्यासाठी आणलेला. तुमीच घ्या आता, म्हणाला. वाटलं होतं कुणाला तरी देऊन टाकावा, निदान तुझ्या नावानं विहारात द्यावा. दिला नाही. मीच शिजवला, रोज थोडा थोडा, आणि सगळा खाल्ला.